एक फुल, दोन हाफ

मुलं जरा मोठी होईपर्यंत लांबचं फिरणं विसरा, हा सल्ला आम्हाला घरातून आणि बाहेरून भरपूर मिळाला. देणाऱ्यांच्या मनात काळजीच होती. पण थोरली पहिलीत गेली, धाकटा साडेतीन वर्षांचा झाला, आणि आपला ज्या गोष्टींवर जीव आहे त्या मुलांना दाखवायची हीच वेळ आहे असं आम्हा दोघांना वाटायला लागलं. आमच्याकडे चारचाकी नाही. रिसॉर्टच्या चार रात्रींसाठी निम्मा पगार घालवावा असंही वाटत नाही. तेव्हा ठरलं ते असं: पुण्याहून एसटीनं श्रीवर्धनला उतरायचं, तिथून किनारा धरून गुहागरपर्यंत खाली सरकत जायचं, वाटेतल्या खाड्या जेटीनं, म्हणजे फेरीबोटीनं, ओलांडायच्या, लोकांच्या घरी राहायचं आणि मधे वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची.

कासवांमुळे महिना आपोआप ठरला. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात आणि पिल्लं साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाहेर पडतात. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा गाड्यांत उभं राहायला जागा नसते. म्हणून शिमगा उलटल्यावर निघायचं ठरवलं आणि शाळेत रजेचा अर्ज दिला.

तयारीला मात्र आम्ही दिवाळीनंतरच लागलो होतो. तयारी म्हणजे खरेदी नव्हे, चालण्याची सवय. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जायचं, दोन्ही पोरांच्या पाठीवर त्यांची त्यांची पिशवी. थोरलीच्या पिशवीत तिचे कपड्यांचे दोन जोड आणि चित्रांची वही, धाकट्याच्या पिशवीत पाण्याची छोटी बाटली आणि टोपी, एवढंच. ओझं नावालाच असतं, पण ते आपलं आहे म्हटल्यावर मूल वेगळं चालतं. धाकट्याला ‘अजून थोडंच राहिलंय’ हे कळत नाही हे आम्हाला तिथं समजलं. ‘त्या वाकड्या झाडापर्यंत’ हे कळतं. झाड आलं की बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, मग पुढचं झाड. असं केलं की तो आमच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त चालायचा आणि उचलून घ्या म्हणायचा नाही. शनिवारी रात्री गच्चीवर सतरंजी टाकून झोपायचं, हाही तयारीचाच भाग होता. अनोळखी अंधार, डास, लांबून येणारं कुत्र्याचं भुंकणं, या सगळ्यांत झोप लागते हे मुलांना ठाऊक झालं की निम्मं काम होतं.

सामान दोन पाठपिशव्यांत बसलं पाहिजे, हात मोकळे राहिले पाहिजेत, हा एकच नियम. कारण चढता-उतरताना प्रत्येकाच्या एका हातात एक मूल असणार. टॉवेलऐवजी पंचे घेतले. ते तासाभरात वाळतात. खाण्यासाठी भडंग, गूळपापडीच्या वड्या, खजूर, मेतकूट आणि तुपाची छोटी बरणी. मऊ भात कुठल्याही घरात मिळतो, आणि त्यावर मेतकूट-तूप असलं की धाकटा उपाशी राहत नाही. औषधांत तापाचं सिरप, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, हळदीची पुडी. सगळ्यांत उपयोगी वस्तू दिली सासूबाईंनी. एवढ्याशा लेकरांना घेऊन एसटीनं कुठं निघालात, असं आठवडाभर म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःच कपाटातून त्यांच्या आईची जुनी सुती नऊवारी काढून दिली. म्हणाल्या, ‘‘ही ठेव गं, लागेल.’’ त्या लुगड्याची पुढं झोळी झाली, पांघरूण झालं, जेटीवर उन्हाला आडोसा झाला, समुद्रावर कपडे बदलायला पडदा झाला. आता लहान मुलांना घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं बरोबर ठेवा.

स्वारगेटहून सकाळची श्रीवर्धन गाडी. वाहकासमोर आमच्या चौघांचा हिशेब फार छान जमतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही एसटीत निम्मं भाडं. म्हणजे नवरा फुल, मी आणि थोरली हाफ, धाकटा मांडीवर. आई आणि आपलं तिकीट सारखंच, याचा थोरलीला एवढा अभिमान की ती दोन्ही तिकिटं तिनं मुठीत धरून ठेवली. तिकिटं सांभाळणं आणि उतरताना पिशव्या मोजणं, ही कामं तिथून पुढं तिचीच झाली.

ताम्हिणीत धाकट्याला उलटी होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यासाठी पुढची सीट, पोटात हलकं काहीतरी, खिडकीची हवा, तोंडात आवळासुपारी आणि हाताशी पिशवी. झाली उलटी, तोंड धुतलं, आणि लगेच त्यानं विचारलं, ‘‘आता समुद्र?’’ समुद्राला अजून माणगाव आणि म्हसळा पार व्हायचं होतं. शेजारच्या आजींनी त्याला मांडीवर घेतलं, आपल्या नातवाच्या गोष्टी सांगितल्या आणि तो त्यांच्याच मांडीवर झोपून गेला. स्वतःच्या गाडीत हे घडलं नसतं. एसटीत मुलं फक्त आपली राहत नाहीत, आख्ख्या गाडीची होतात, आणि आईबापांना दोन तास खिडकीबाहेर बघायला मिळतं.

श्रीवर्धनला गाडी बदलून हरिहरेश्वरला संध्याकाळी पोचलो. राहायची सोय एका घरात होती. पुढं पडवी, मागं वाडी, वाडीत नारळ-सुपारी, एका कोपऱ्यात विहीर. इथली रोठा सुपारी नावाजलेली. पण घरच्या काकूंनी वाडीच्या मधोमध नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, ‘‘इथून आधी आभाळ दिसत नव्हतं.’’ ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. एका दुपारीत पिढ्यांची झाडं आडवी झाली. सुपारी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, नारळाला त्याहून जास्त. त्यांनी लावलेल्या नव्या सुपाऱ्या आता नवऱ्याच्या उंचीच्या वर गेल्या होत्या. प्रत्येक झाडाला आळं, आणि आळ्यांपर्यंत पाणी न्यायला पाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी शिंपणं सुरू केलं आणि आमच्या मुलांना जे गवसलं ते कुठल्याही बागेत, कुठल्याही खेळण्यात मी त्यांना गवसलेलं पाहिलं नव्हतं. पाण्याबरोबर पळायचं. एका आळ्यात पाणी भरलं की काका फावड्यानं माती ओढून तोंड बंद करायचे आणि पुढचं उघडायचे. थोरलीनं ते नीट पाहून घेतलं आणि ‘‘काका, आता हे भरलं’’ म्हणायचं काम अंगावर घेतलं. धाकटा पाटात पाय टाकून बसला आणि सुपारीच्या पोयीची होडी सोडत राहिला. त्या सकाळी देवळात जायचं होतं, किनाऱ्यावर जायचं होतं. आम्ही कुणीच त्याला उठवलं नाही. प्रवासात ठरवलेलं सगळं बघून व्हायला हवं, हा हट्ट मुलांबरोबर सोडावाच लागतो, आणि सोडला की मुलं जे दाखवतात ते मार्गदर्शक पुस्तिकेत कधीच नसतं.

शिवाय घाई नव्हतीच. देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करायची असते. डोंगराच्या पाठीमागून पायऱ्या उतरून ती थेट समुद्राच्या खडकांवर जाते. भरतीला तिथं लाटा चढतात, आणि या खडकांवर माणसं गेलेली आहेत, त्यामुळे गावातली माणसं याबाबतीत फार कडक आहेत. वेळ विचारली तेव्हा काकांनी घड्याळ पाहिलं नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. फाल्गुन वद्य पंचमी होती. म्हणाले, तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, भरतीची वेळ मिळते. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पावणेचारला भरती भरणार, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात आत. रोज भरती पाऊण तास पुढं सरकते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू. कोकण किनाऱ्यावर दर्यावर जाणारा प्रत्येक जण हे गणित तोंडी करतो. वेळ ढोबळच, पण खडकावर पाय ठेवावा की नाही एवढं ठरवायला पुरेशी. थोरलीनं ते बोटांवर करून पाहिलं, मग वहीत लिहून घेतलं.

आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि मग वाट. दोन कड्यांमधून पायऱ्या उतरताना समोर फक्त निळी चीर दिसते, आणि खाली आलं की एकदम मोकळा समुद्र. लाटांनी खडकाला इतकी भोकं पाडली आहेत की आख्खा कातळ मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. भोकांत साठलेल्या पाण्यात खेकडे, शंख, शेवाळ. दोन मुलं, दोन मोठे, चारही हात धरलेले, ओल्या हिरव्या जागेवर पाय द्यायचा नाही, पाण्याकडं पाठ करायची नाही. हे तीन नियम उतरण्याआधी दोघांकडून म्हणवून घेतले होते. मला वाटतं, साहस म्हणून मुलांना काही द्यायचं असेल तर ते असंच द्यावं: धोका काय आहे ते खरं सांगून, त्यांच्या तोंडून वदवून घेऊन, आणि मग भीती न दाखवता.

परत आलो तर अंगणात रंग खेळणं चाललं होतं. रंगपंचमी. काकूंच्या नातवंडांनी आमच्या दोघांना लाल-पिवळं केलं, विहिरीवर रहाटानं पाणी काढून आंघोळी झाल्या, आणि दुपारी वालाचं बिरडं, सोलकढी, भात. थोरली बिरड्याला घरी हात लावत नाही. त्या दिवशी दोनदा मागितलं.

हरिहरेश्वराहून बागमांडला जवळच. तिथून जेटीनं सावित्री ओलांडली की वेश्वी, रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू. या फेरीबोटीला इकडं जंगलजेटी म्हणतात. पुढची लोखंडी फळी खाली येते, मोटारी, दुचाकी, माशाच्या पाट्या घेतलेल्या मावश्या, सगळे एकदम आत शिरतात. पायी माणसाला तिकीट अगदी किरकोळ. आम्ही कठड्याजवळची जागा धरली. ही नदी महाबळेश्वरात उगम पावते. थोरलीनं मागच्या वर्षी तिथल्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारं पाणी पाहिलं होतं. ‘‘तेच पाणी?’’ असं तिनं विचारलं. तेच, असं म्हणता येईल का याचा नवरा विचार करत असताना तिनं वाकून खाडीकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘केवढी मोठी झाली.’’

वेश्वीहून वेळासचा रस्ता खाडीकाठानं जातो. बस दुपारी उशिरा होती. आम्ही रिक्षा करून बाणकोटला उतरलो आणि किल्ल्यावर चढलो. छोटाच किल्ला, जांभ्या दगडाचा. इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. तटावरून सावित्रीचं मुख, पलीकडं आदल्या दिवशीचा हरिहरेश्वराचा डोंगर, आणि आमची जेटी एवढीशी होऊन पुन्हा पलीकडं निघालेली. काल आपण कुठं होतो, आज कुठं आलो, हे मुलांना नकाशाशिवाय कळलं. गाडीनं भर्रकन गेलो असतो तर या दोन डोंगरांचं नातं त्यांना दिसलं नसतं. दरवाज्याच्या सावलीत लुगडं पसरलं, भडंग खाल्लं, धाकट्यानं झोप काढली, आणि मग पायी आणि थोडं एका टेम्पोतून असं करत वेळास गाठलं.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता ते कासवांचं गाव म्हणूनच जास्त ओळखलं जातं. पूर्वी इथं अंडी चोरीला जायची, कोल्हे-कुत्रे उकरून खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं, पुढं वनविभागही त्यात उतरला. गावातली कासवमित्र मुलं हंगामात पहाटे किनाऱ्यावर चालतात. मादी रात्री येऊन गेल्याचा माग वाळूत दिसतो. त्या मागावरून घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची, वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावायची. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, कमी तापली तर नर. पिल्लं वर यायच्या सुमाराला घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवतात, आणि सकाळी नि संध्याकाळी ती उचलून पाहतात.

संध्याकाळी आम्ही दोरीच्या मागे उभे राहिलो. गर्दी बरीच होती. कासवमित्रानं एकेक टोपली उचलली. खाली वाळू, फक्त वाळू. ‘‘उद्या सकाळी या,’’ एवढंच तो म्हणाला. गर्दीत कुणीतरी कुरकुरलं, लांबून आलोय म्हणून. थोरलीचा चेहरा उतरला होता. मी तिला काही समजवायला वाकले, तेवढ्यात तिनंच विचारलं, ‘‘ती आत झोपली असतील का?’’ अंड्यातून निघून वाळूतून वर यायला पिल्लांना काही दिवस लागतात, सगळी मिळून थोडी थोडी वाळू खाली ढकलत वर सरकतात, असं कासवमित्रानं तिला सांगितलं. मग ती कुंपणाशी बसून राहिली, कान वाळूकडं लावून. तिला हलवायला अंधार पडावा लागला.

रात्री मुक्काम एका चौसोपी घरात, माजघरात ओळीनं अंथरुणं, जेवायला कुळथाचं पिठलं-भात आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी. लांबून ढोल ऐकू येत होते. शिमगा संपला तरी या भागात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरत असते. घरच्या आजी म्हणाल्या, ‘‘उद्या आमच्याकडं यायचीय, थांबा हो.’’ थांबायचं ठरलं. हे ठरवायला आम्हाला एका मिनिटाचाही विचार करावा लागला नाही, कारण पुढं कुठलं आरक्षणच नव्हतं.

पहाटे मुलांना उठवावं लागलं नाही. सुरूच्या बनातून चालताना दोघंही गप्प होती. पहिली टोपली, वाळू. दुसरी टोपली, आणि कासवमित्राचा हात वर गेला. राखाडी-काळी, माझ्या तळहातात मावतील एवढी पिल्लं एकमेकांवर चढत होती. ती पाटीत घेऊन पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. पाण्यात नेऊन सोडत नाहीत, ते अंतर त्यांनी स्वतःच चालायचं असतं. मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या भागातल्या किनाऱ्याकडं परतते, आणि ही ओळख इथूनच सुरू होते असं मानतात.

काही पिल्लं लगेच निघाली. काही नुसती बसली. एक उलटं झालं, तडफडलं, आणि वाळूला वल्हं मारून पुन्हा सरळ झालं. धाकटा माझ्या कडेवरून उतरला, दोरीशी पोटावर झोपला आणि हनुवटी वाळूत टेकवून त्यांच्या उंचीवरून बघत राहिला. ‘‘चल, चल, चल,’’ हे तो इतक्या हळू म्हणत होता की मला फक्त ओठ दिसत होते. थोरलीनं विचारलं, ‘‘यांची आई कुठंय?’’ नवऱ्यानं खरं ते सांगितलं. आई अंडी घालून, वर वाळू दाबून त्याच रात्री समुद्रात परत गेली, तिला ही पिल्लं कधी दिसणार नाहीत. मग यांना रस्ता कोण दाखवतं? समुद्राकडचं आभाळ जास्त उजळ असतं, पिल्लं उजेडाकडं जातात, म्हणून किनाऱ्यावर दिवे लावायचे नाहीत, फ्लॅश मारायचा नाही. हजारातलं एखादंच मोठं होतं, हेही तिथं सांगितलं गेलं. ते मुलांपुढं सांगू नये असं मला क्षणभर वाटलं होतं. पण तिनं ते ऐकलं, बराच वेळ पाण्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘म्हणून एवढी खूप अंडी.’’ सहा वर्षांच्या मुलीला मी यापेक्षा जास्त काय समजावणार होते?

पहिली लाट आली, चारपाच पिल्लांना घेऊन गेली, दोनतीन पुन्हा वाळूवर टाकली. ती पुन्हा चालायला लागली. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत आमचं कुणीच जागचं हललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला माझे हात रिकामे नव्हते याचा मला आनंदच झाला.

त्या दिवशी पालखी आली. अंगणात ती नाचवताना खांदेकऱ्यांच्या पावलांखाली जमीन हादरत होती. आजींनी ओटी भरली, दोघा मुलांना पालखीखालून काढलं. रात्री गावात वस्तीची गाडी येऊन थांबली. वस्तीची गाडी म्हणजे शेवटची फेरी, जी गावातच मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याला परतते. चालक-वाहक तिथंच राहतात हे कळल्यावर मुलांना त्यांच्यापेक्षा भाग्यवान कुणी वाटेना. पहाटे आम्ही त्याच गाडीनं मंडणगडला निघालो, तिथून दापोली.

दापोलीत धाकट्याला ताप भरला. डॉक्टरांनी तपासलं, साधा ताप आहे, पाणी पाजत राहा, विश्रांती द्या, म्हणाले. आम्ही हर्णैची माशांची बोली आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दोन्ही वगळलं आणि खोलीतच राहिलो. लुगड्याची झोळी करून त्याला जोजवत नवऱ्यानं गोष्ट सांगितली ती इथलीच. दापोलीजवळच्या मुरुड गावचा एक मुलगा परीक्षेला बसायला पावसापाण्यात डोंगर चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला, आणि तू अजून लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. तो मुलगा म्हणजे पुढं महर्षी झालेले धोंडो केशव कर्वे. ‘‘मग तो परत चालत आला?’’ धाकट्यानं तापातच विचारलं. तो मुलगा झाडं मोजत चालला असेल का, यावर दोघा भावंडांचा बराच वेळ खल झाला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण आम्ही आणखी एक रात्र तिथंच काढली. लहान मुलांबरोबरच्या प्रवासात असा एक मोकळा दिवस हिशेबात ठेवलेलाच असावा. तो लागला नाही तर समुद्रावर खर्च होतो.

दाभोळ बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. त्या वैभवाची एक सुंदर मशीद जेटीजवळच उभी आहे, तिला अंडा मशीद म्हणतात. पण मुलांच्या लक्षात राहिली ती चंडिकादेवी. कातळात कोरलेलं भुयारासारखं देऊळ, आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाच्या समया. वाकून, भिंतीला हात लावत चालायचं. धाकट्यानं माझा हात सोडून थोरलीचा धरला. बाहेर आल्यावर दोघांनी पुन्हा आत जायचं म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तोच पुढं होता. मग वाशिष्ठीच्या खाडीवरची जेटी, पलीकडं धोपावे, आणि गुहागर. तिथं व्याडेश्वराचं दर्शन, लांबच लांब किनारा आणि वाळूत खड्डे करणं यापलीकडं काहीही केलं नाही. पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना, गुडघ्यापर्यंत, हात धरून. ओहोटी लागली की बाहेर, कारण ती आत ओढते. हा नियम आता मुलंच आम्हाला सांगतात. परतीला चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे पुण्याची गाडी. घाटात दोघंही झोपली होती.

किनाऱ्याचा पुढचा तुकडा आता खुणावतो आहे. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जेटीनं जयगड, मग गणपतीपुळे. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद घळ, जिच्यातून लाटेचं पाणी फवाऱ्यासारखं उसळतं, पण भरतीलाच. म्हणजे या वेळी गणित उलटं: आधी वेळ, मग तिथी. परवा थोरलीनं बाबाला शेजारी बसवून दिवाळीच्या सुट्टीतल्या तिथ्या एकेक करून मांडल्या. भाऊबीज पुण्यात होणार, म्हणजे तृतीया मोकळी. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. तिनं दिनदर्शिकेवर तृतीयेच्या चौकोनात निळी लाट काढून ठेवली आहे, आणि निदान भरती भरायच्या आधी अर्धा तास तिथं पोचायला गुहागरहून कितीची गाडी पकडावी लागेल, ते विचारून घ्यायचं काम माझ्यावर सोपवलं आहे.